बांधावरच्या पोरी

सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या गल्लीतली गुलाबाई दर वर्षी वेगळ्या रंगाची असायची, आणि त्याला कारण होते आप्पांचे हात.

आप्पा, म्हणजे माझे वडील हिलाल कुंभार, पलसाण्याकडच्या एका मिलमध्ये साड्या रंगवायच्या खात्यात कामाला होते. भाद्रपदातली पौर्णिमा जवळ आली की सुट्टीच्या दिवशी ते सायकलला सिमेंटचं रिकामं पोतं बांधून खाडीकडे जायचे आणि माती घेऊन यायचे. ओट्यावर बसून ती मळायचे. त्या आठवड्यात मिलमध्ये जो रंग चालू असेल तो त्यांच्या नखांत आणि तळहाताच्या रेषांत मुरलेला असायचा. साबणानं तो जात नसे, पण मळता मळता थोडा थोडा मातीत उतरायचा. एका वर्षी गुलाबाईच्या गालांवर राणी रंगाची झाक आली. एकदा गुलोजीचं धोतर कुणी न रंगवताच हिरवट निघालं. शेजारच्या गल्लीतली दीप्ती म्हणायची, तुमच्या गुलाबाईला साडी घ्यायची गरजच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुलाबाई हा खानदेशातल्या मुलींचा सण. पौर्णिमेला मातीची गुलाबाई आणि तिचा नवरा गुलोजी पाटावर बसवायचे, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करायचा, आणि कोजागरीपर्यंत रोज दिवेलागणीला घरोघरी जाऊन टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. सुरतेत धांडे कुठले मिळायला? आम्ही लूमखात्यातून टाकून दिलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या करून मांडव करायचो. दीप्तीच्या घरी देव बसवत नसत, पण तिची आई रंभाबाई हसत तिला आमच्यात पाठवायची, आणि खाऊ ओळखण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. समोरच्या खोलीतली ओडिया मुलगी गाण्यातला एक शब्द न कळताही टिपऱ्या बरोबर वाजवायची.

आप्पा मूर्ती घडवायला बसले की माझी मोठी बहीण सुषमा त्यांच्यासमोर उकिडवी बसायची. मी, चंचल, ताईपेक्षा बरीच लहान, आणि माझं सगळं लक्ष खाऊवर. ती मात्र आप्पांची बोटं बघत राहायची. चेहरा करताना आप्पा नाक वेगळं चिकटवत नसत. चिमटीत धरून ते चेहऱ्यातूनच वर ओढायचे, आणि मग दोन्ही बाजूंना अंगठ्यानं दाबून लांबट डोळे करायचे. एवढं झालं की हात धुऊन उठायचे आणि मूर्तीकडे वळूनही बघायचे नाहीत. ताईनं एकदा त्यांना विचारलं होतं की हे तुम्ही कुठे शिकलात. कुंभाराच्या घरी जन्मलो, त्यात शिकायचं काय, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. गावाकडची गोष्ट निघाली की आप्पा असेच मिटायचे.

त्याचं कारण आम्हांला मायकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं होतं. आमचं गाव दोंडाईच्याकडचं, तापीच्या काठी. माझे आजोबा भटूबाबा तिथे चाक फिरवायचे. गावात स्टीलची भांडी आली, प्लॅस्टिकच्या घागरी आल्या, आणि आप्पांनी सुरतेला जायचं ठरवलं. चाकावर बसणारा मोठा मुलगा जातो म्हटल्यावर भटूबाबांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी ते असं काही बोलले की आप्पा ताटावरून उठून निघाले. पुढे लग्नाला, मयतीला गावी जाणं व्हायचं, पण बापलेक एकमेकांशी सरळ बोलत नसत. जे सांगायचं ते धाकट्या गजेंद्रकाकांमार्फत.

चौऱ्याण्णव साली पौर्णिमेला गुलाबाई बसली तेव्हा तिला निळी झाक होती. दोन-तीन संध्याकाळी गाणी झाली असतील, तोच शहरात रोग आल्याची कुणकुण लागली. आधी कुणी म्हणालं पाण्यात विष कालवलंय. मग प्लेग हा शब्द आला आणि एका दिवसात सगळं बदललं. मिल बंद झाली. औषधांच्या दुकानांतल्या गोळ्या संपल्या. ज्याच्या त्याच्या तोंडावर रुमाल, आणि रुमालावरचे डोळे एकमेकांना चुकवणारे. गल्लीतल्या दारांना एकेक करून कुलपं लागली. दीप्तीचे वडील काशीरामकाका रेल्वेत होते. त्यांनी येऊन आप्पांना सांगितलं की उद्यापर्यंत थांबलात तर गाडीत पाय ठेवायला जागा मिळणार नाही, पोरींना घेऊन आजच निघा.

मायनं चादरीत कपडे बांधले. ताईनं पाटावरची गुलाबाई उचलली आणि आपल्या ओढणीत गुंडाळली. माय म्हणाली कच्ची माती आहे, चार स्टेशनंही टिकायची नाही. ताई ऐकेना. शेवटी आप्पा म्हणाले, घेऊ दे तिला.

उधन्याहून आम्ही गाडीत कसे चढलो ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मायचा एक हात माझ्या मनगटावर इतका घट्ट होता की नंतर तिथे वळ दिसत होता. मायचं म्हणणं खरं ठरलं. नवापूर येण्याआधीच गर्दीच्या रेट्यात ओढणीच्या आत काहीतरी कुरकुरलं आणि चपटं झालं. ताई रडली नाही. ओढणीची गाठ घट्ट करून ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली.

गावात आमच्याआधी बातमी पोचली होती. वेशीजवळ मारुतीच्या पारावर माणसं उभी होती. त्यांनी लांबूनच हात करून आम्हांला थांबवलं. सुरतेहून आलेल्यांनी काही दिवस गावात पाऊल टाकायचं नाही असं ठरलं होतं. कुणी वाईट बोललं नाही, शिवीगाळ केली नाही. उलट एका म्हाताऱ्यानं मायला तब्येत विचारली, पण लांबूनच. गजेंद्रकाका त्यांच्यातच उभे होते. ते जमिनीकडे बघत आप्पांना म्हणाले की दादा, घरात तान्हं लेकरू आहे. आप्पांनी मान हलवली आणि कपड्यांचं गाठोडं रस्त्याच्या कडेला ठेवलं. आपल्याच गावाच्या तोंडाशी आपले वडील असे उभे राहिलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मायनं पदर तोंडावर घेतला. तो रोगासाठी नव्हता.

तेवढ्यात पाराच्या मागून भटूबाबा आले. एका खांद्यावर घोंगडी, एका हातात कंदील. ते माणसांमधून वाट काढत सरळ आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. गजेंद्रकाकांनी त्यांना अडवायला हात पुढे केला, तर म्हातारा वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हाऊ मना आंडोर शे. हाऊ बाहेर, ते मी बी बाहेर."

हा माझा मुलगा आहे. इतक्या वर्षांत आप्पांनी ते त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

गावाबाहेर, नदीकडे उतरताना भटूबाबांची भांडी भाजायची जागा होती. तिला आवा म्हणतात. आव्याशेजारी कुडाची झोपडी, झोपडीत चाक, आणि मागे मातीचा ढीग. आम्ही तिथे राहिलो. काकू रोज सकाळी भाकऱ्या आणि कोरड्यास झोपडीपुढच्या नाल्यातल्या दगडावर ठेवून जायची, आणि ती पाठमोरी झाली की माय जाऊन घेऊन यायची. पहिले दिवस आम्ही एकमेकांचे श्वास ऐकत काढले. माय उठता-बसता आमच्या कपाळांना हात लावायची. बापलेक एकाच झोपडीत होते, पण मधे बोलायला गजेंद्रकाका नव्हते, त्यामुळे दोघं गप्प.

त्या गप्प बसण्याला तोंड फोडलं ते ताईच्या गाठोड्यानं. एका दुपारी तिनं ओढणी सोडली आणि तुकडे जमिनीवर मांडले. गुलाबाईचं धड भुगा झालं होतं, पण चेहऱ्याचा मधला भाग शाबूत होता. भटूबाबा विडी ओढत बसले होते. ते पुढे सरकले, त्यांनी तो तुकडा उचलला, उजेडात धरला, आणि अंगठा नाकावरून वरून खाली फिरवला. मग आप्पांकडे न बघता म्हणाले, "हाई नाक ते भागीरथीनं शे."

भागीरथी म्हणजे आमची आजी, आणि असं नाक ती काढायची. ती आम्ही जन्मायच्या आधीच गेली होती. कुंभाराच्या घरात चाक पुरुषांचं. बाया चाकाला शिवत नसत. पोळ्याचे बैल, गुलाबाई, लेकरांची चूल-बोळकी हे सगळं हातानं घडवायचं काम बायांचं. आप्पा लहानपणी आईच्या शेजारी बसून ते करायचे, आणि मुलगा असून बायांच्या कामात बसतो म्हणून भटूबाबा त्यांना चारचौघांत चिडवायचे. हे सगळं त्या दुपारी म्हाताऱ्यानं स्वतःच सांगितलं, विडी विझून गेली तरी ती बोटांत तशीच धरून. आप्पा ऐकत होते. सांगून झाल्यावर भटूबाबांनी ताईला पाण्याचं घमेलं आणायला लावलं आणि सगळे तुकडे त्यात सोडले. ताई ओरडणारच होती. पण तुकडे पाण्यात फुसफुसले, सुटले, आणि बघता बघता त्यांचा गाळ झाला. भाजलेलं फुटलं तर फुटलं, कच्ची माती मात्र कितीदाही परत घडवता येते, असं ते तिला म्हणाले.

त्या दिवसापासून झोपडीत काम सुरू झालं. भटूबाबांनी ताईला माती चाळायला शिकवली, तिच्यात राख आणि लीद किती घालायची ते शिकवलं. लीद म्हटल्यावर मी पळाले, ती बसून राहिली. चाकाला मात्र त्यांनी तिला हात लावू दिला नाही. तिनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. पण एका सकाळी आप्पा उठून स्वतःच चाकावर बसले. काठीनं गती दिली, ओला गोळा मधोमध ठेवला, आणि पहिलं मडकं वेडंवाकडं होऊन बसलं. दुसरंही बसलं. भटूबाबा बाजूला उभे राहून बघत होते. तिसरं उभं राहिलं तेव्हा त्यांनी पुढे होऊन आप्पांचा डावा कोपर थोडा वर उचलला, लहान मुलाचा उचलावा तसा. माय चुलीपाशी होती. ती तिथूनच डोळे पुसताना मला दिसली, आणि मला वाटलं धूर गेला असेल.

घमेल्यातल्या गाळाची ताईनं परत गुलाबाई केली. नाक तिनं चिमटीतून ओढलं. ते थोडं वाकडं झालं. भटूबाबांनी ते सरळ करू दिलं नाही. तिला पाट नव्हता, म्हणून आम्ही तिला उलट्या मडक्यावर बसवलं.

आम्हांला कुणालाच काही झालं नाही. ना ताप आला, ना खोकला. तरी कोजागरीपर्यंत आम्ही बाहेरच होतो. कोजागरीच्या संध्याकाळी, उजेड पुरता जायच्या आधी, नाल्यापलीकडच्या शेताच्या बांधावर एकेक करत मुली येऊन उभ्या राहिल्या. गावातल्या गुलाबाईच्या मुली. पुढे होती गजेंद्रकाकांची कोकिळा, जिचा आवाज नावाला अजिबात शोभत नसे. घरच्यांनी त्यांना बजावून पाठवलं असणार, कारण सगळ्यांच्या तोंडावर कुणाच्या ओढणीचं टोक, कुणाच्या आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती. आम्ही झोपडीच्या दाराशी उभे होतो. क्षणभर कुणालाच काय करावं कळेना. मग कोकिळेनं टिपऱ्या वाजवल्या आणि गाणं धरलं.

कापडाच्या मागून आवाज दबका येत होता, शब्द नीट कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. दुसरी ओळ मायनं आमच्या बाजूनं म्हटली. मग मीही सुरू केलं. तिकडून एक ओळ, इकडून एक ओळ, मधे नाला. आप्पा आणि भटूबाबा आव्याच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसले होते. गाणी संपल्यावर कोकिळा खाली उतरली, दगडावर झाकलेला डबा ठेवला आणि मागे पळाली. आधी ओळखा, मग घ्या, असं पलीकडून ओरडून सांगितलं गेलं. आम्ही चिवडा म्हणालो, लाडू म्हणालो, शेव म्हणालो. सगळं चुकलं. शेवटी त्यांनाच दया आली. डब्यात गूळ-शेंगदाणे होते.

ताईनं त्या संध्याकाळी एकही ओळ म्हटली नाही. ती नुसती बांधाकडे बघत उभी होती. मी तिला ढोसलं, तरी नाही. मला तिचा राग आला होता. मला वाटलं, एवढ्या लांब त्या पोरी आपल्यासाठी आल्या आणि ही बाई मुकी झाली.

दिवाळीनंतर आम्ही सुरतेला परतलो. निघताना गजेंद्रकाका दोंडाईच्यापर्यंत आमचं सामान घेऊन आले आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले. भटूबाबा गावच्या वेशीपर्यंतच आले होते. त्यांनी आप्पांकडे बघून एवढंच म्हटलं की येत जा. आप्पा हो म्हणाले. ते जात राहिलेही, दोन वर्षं, म्हातारा असेपर्यंत. भटूबाबा गेल्यावर झोपडीत काकांनी म्हशी बांधल्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती. चाकावर बसणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

ताई दहावी झाली आणि एका साडी डिझाइन करणाऱ्याच्या ऑफिसात लागली. कागदावर वेली, कोयऱ्या, फुलं रंगवायची. तिचा हात बघून तिथले शेठ खूश होते. पण घरी आली की ती खाडीची माती घेऊन बसायची. चित्रकलेच्या कॉलेजात मूर्तिकाम शिकवतात असं तिला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं आणि तिनं तिथे जायचं म्हणून घरात विषय काढला. मला वाटलं होतं आप्पांना आनंद होईल. आप्पा रागावले. इतके की आवाज गल्लीत गेला.

"मातीमातून निंघाकरता मी आठे उनू," ते म्हणाले, "नि तू परत मातीमाच हात घालस?"

मातीतून सुटायला ते इथे आले, आणि मुलगी परत मातीतच हात घालते, हे त्यांचं म्हणणं मला आज कळतं. त्यांनी त्या मातीपायी बाप गमावला होता आणि परत मिळवला होता, त्या मातीनं पोट भरत नाही हे डोळ्यांनी पाहिलं होतं. मुलीनं एसी ऑफिसात बसून फुलं रंगवावीत ही त्यांच्या दृष्टीनं आमच्या घराण्याची चढती होती. दोन-तीन दिवस घरात कुणीच कुणाशी नीट बोललं नाही. शेवटी माय बोलली. माय सहसा आप्पांच्या पुढे बोलत नसे. तिनं भाकरी थापता थापता मान वर न करता सांगितलं की पोरगी झोपेतसुद्धा बोटं हलवते, मी तिच्या शेजारी झोपते, मला माहीत आहे. आप्पा उठून बाहेर गेले. सकाळी कॉलेजच्या फॉर्मवर त्यांनी सही केली.

नदीकाठच्या त्या कॉलेजात ताई पहिली दोन वर्षं वेगळीच झाली होती. तिथली मुलं बडोद्याच्या, मुंबईच्या गोष्टी करायची. ताई घरी आमच्याशीसुद्धा गुजरातीत बोलायला लागली, आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं तर मिलमध्ये आहेत एवढंच सांगायची. तिनं प्लॅस्टरची मोठमोठी धडं केली, भोकं पडलेली, डोकं नसलेली. ती कॉलेजच्या प्रदर्शनात लागली, बक्षीसही मिळालं. मूर्तिकाम शिकवणारे परमारसर मोजकं बोलणारे होते. त्यांनी त्या धडाभोवती एक फेरी मारली आणि तिला विचारलं, "आ सरस छे. पण आ कोनुं छे?"

छान आहे, पण हे कुणाचं आहे. ताई मला सांगत होती की तिला आधी वाटलं सर चोरीचा आळ घेतायत. ती संध्याकाळभर धुमसत होती. मग तिच्या ध्यानात आलं की तिच्याजवळ त्याला उत्तर नाही. त्यानंतर कितीतरी महिने तिनं काहीच केलं नाही. माती भिजवायची, वाळू द्यायची, परत भिजवायची.

अठ्ठ्याण्णवच्या भाद्रपदात तापीला पूर आला. कॉलेजच्या तळमजल्यात पाणी शिरलं, प्लॅस्टरची धडं विरघळून, फुटून गेली. पाणी ओसरल्यावर मुलं साफसफाईला गेली. ताई मलाही सोबत घेऊन गेली होती. वर्गात घोट्याच्या वर गाळ साचला होता, काळसर, लोण्यासारखा. सगळे नाक धरून फावड्यानं तो बाहेर ओढत होते. ताईनं मूठभर उचलला आणि नाकाशी नेला. मग मला हुंगायला लावला. मला नुसता चिखलाचा वास आला. ती म्हणाली, चंचल, हा झोपडीतला वास आहे. तिनं रिकाम्या रंगाच्या डब्यांतून तो गाळ भरून ठेवायला सुरुवात केली. परमारसर बघत होते. त्यांनी आपल्या स्कूटरवरून आणखी दोन डबे आणून दिले.

त्या हिवाळ्यात ती कॉलेजातून उशिरा यायची आणि आल्यावर मला, मायला अचानक काहीतरी विचारायची. कोकिळेच्या पाठीमागे कोण उभी होती? सर्वांत लहान होती तिच्या पायात काय होतं? लुगड्याची पट्टी कुणी बांधली होती? मला जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. माझ्याजवळ त्या दिवसांतले गूळ-शेंगदाणे होते, मायच्या हाताचा वळ होता, आणि कंटाळा होता. आम्ही दोघी एकाच दारात उभ्या होतो. तिनं एवढं सगळं कधी बघून घेतलं, कोण जाणे.

नव्याण्णवच्या उन्हाळ्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांचं प्रदर्शन भरलं. आप्पांनी यायचं कबूल केलं नव्हतं, पण त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आम्ही तिघं बसनं गेलो. ताईचं काम एका लांब खोलीत होतं. खोलीच्या टोकाला मातीचा उंचवटा होता, आणि त्यावर भाजलेल्या मातीच्या मुली ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येक साधारण हातभर उंच. सगळ्यांच्या तोंडावर कापडं. तोंडं दिसत नव्हती, पण माना ताणलेल्या, गळे फुगलेले, खांदे वर उचललेले. गात होत्या त्या. कापडाच्या आत ओठ कुठे उघडले आहेत ते मातीच्या सुरकुत्यांवरून कळत होतं. सर्वांत पुढची जरा जास्तच जोर लावून गात होती, आणि मला हसू आलं, कारण ती बेसूर आहे हेसुद्धा दिसत होतं. प्रत्येकीचं नाक चेहऱ्यातूनच वर ओढलेलं.

खोलीत आधीपासून माणसं होती. सुरतेचीच माणसं. ती आत येताना बोलत यायची आणि त्या मुली दिसल्या की गप्प व्हायची. एका वयस्क सुरती बाईनं नकळत आपल्या साडीचा पदर तोंडापाशी नेला. त्या वर्षाबद्दल शहरात कुणी फारसं बोलत नसे. तिथेही कुणी बोललं नाही, पण लगेच बाहेरही पडलं नाही.

आप्पा त्या ओळीसमोर उभे राहिले. मग वाकून एकेकीच्या तोंडाकडे बघत टोकापर्यंत गेले आणि परत आले. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिचे हात मी पाहिले, बोटं एकमेकांत गुंतवलेली. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात आप्पांनी तिला विचारलं, "आपण कोठे शेतस यामा?"

यात आपण कुठे आहोत, ते विचारत होते. मीही तेच शोधत होते. माय नव्हती, झोपडी नव्हती, कट्ट्यावर बसलेले ते दोघं नव्हते.

"आपण आठे," ताई म्हणाली. "देखनारा जठे उभा शे, तठे."

बघणारा जिथे उभा आहे, तिथे आपण. आप्पांनी पायांखाली बघितलं. मग ते दोन पावलं मागे सरकले, जिथून सगळी ओळ एकदम दिसते तिथे, आणि तिथेच उभे राहिले. माय त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मीही गेले. परमारसर दारातून आत आले होते. त्यांनी आम्हांला पाहिलं आणि ओळख करून घ्यायला न येता ते पुन्हा बाहेर गेले. नंतर त्यांनी आप्पांचा हात हातात घेऊन बराच वेळ धरला होता. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण तेव्हा मी मायला पाणी आणायला गेले होते.

परतताना संध्याकाळची बस भरलेली होती. मायला खिडकीजवळ जागा मिळाली. आप्पा आणि ताई दांड्याला धरून उभे होते. बस उधन्याला आली. मग आप्पांनी विचारलं की एवढ्या बारीक माना भाजताना तडकल्या कशा नाहीत. ताईनं सांगितलं, काही तडकल्या, पहिली भट्टी निम्मी वाया गेली. आप्पा म्हणाले, ताव एकदम दिला असशील. ती हो म्हणाली. त्यांनी विचारलं, राख किती घातली होती. तिनं सांगितलं. त्यांना ती कमी वाटली. ती म्हणाली पुराच्या गाळाला जास्त घातली तर माती सुटते. आप्पा म्हणाले सुटत नाही, लीद जुनी हवी. दोघं अहिराणीत बोलत होते, आवाज चढत होता, आणि बसमधली माणसं वळून बघत होती. भेस्तान आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं. मायनं आणि मी उतरून पुढे चालायला सुरुवात केली. बाजारातून कोथिंबीर घेऊन आम्ही घरी पोचलो, चूल पेटवली, भाकरी झाली, तेव्हा कुठे त्या दोघांचे आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आले.